दोन टिंबांची मालकी

शब्द आधी कानाचा की डोळ्यांचा, हा वाद साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. व्यापारचिन्हांच्या कायद्याला मात्र तो पैशांच्या हिशेबात सोडवावा लागला. ब्रिटनमध्ये 1875च्या कायद्यान्वये 1 जानेवारी 1876 रोजी नोंदवही उघडली. तीत पहिला क्रमांक लागला तो बास या मद्यनिर्मात्यांच्या लाल त्रिकोणाचा. तो त्रिकोण पुढे माने या चित्रकाराच्या 1882च्या मद्यगृहाच्या चित्रात बाटलीवर दिसतो आणि जॉइसच्या ‘युलिसिस’मध्येही डोकावतो. आकृतीची मालकी समजण्यास सोपी असते. अक्षरावर बसलेल्या लहानशा खुणेची मालकी कोणाची, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

या दृष्टीने दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. सित्रोएन या फ्रेंच मोटारींच्या नावात रोमन ‘ई’वर दोन टिंबे आहेत. संस्थापकाचे पूर्वज हॉलंडमधले. लिंबूवर्गीय फळांच्या व्यापाराशी जोडलेले त्यांचे आडनाव फ्रान्समध्ये आल्यावर टिंबे लेवून आले. तेथे त्या टिंबांना काम आहे : शेजारचे दोन स्वर निरनिराळे उच्चारावेत, एवढे ती सांगतात. याउलट हागेन-डाझ हे आइस्क्रीमचे नाव न्यूयॉर्कच्या रूबेन मॅटस यांनी 1960च्या सुमारास चक्क रचले. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कने ज्यूंना वाचवले, त्याबद्दलच्या आदरातून हे डॅनिश वाटणारे नाव घेतले, असे पोलंडहून आलेले हे ज्यू व्यापारी सांगत. गंमत अशी, की ‘ए’वर दोन टिंबे असलेले अक्षर डॅनिश वर्णमालेत नाहीच. ही टिंबे उच्चारासाठी नव्हेत, दूरदेशीच्या आभासासाठी होती.

त्या आभासाला 1980 साली प्रतिस्पर्धी मिळाला. फ्रुसेन ग्लाद्ये या नव्या अमेरिकी आइस्क्रीमच्या नावातही ‘ए’वर तीच टिंबे होती. मूळ स्वीडिश शब्दांचा अर्थ ‘गोठलेला आनंद’; शेवटच्या ‘ई’वरील तिरकी रेघ मात्र स्वीडिशमध्ये नाही, ती व्यापाऱ्याची भर. हागेन-डाझने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात धाव घेतली आणि अंतरिम मनाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली. दोन्ही नावांत टिंबांपलीकडे फारसे साम्य नव्हते, आणि स्कँडिनेव्हियन वळणावर कोणा एकाची मक्तेदारी असू शकत नाही. शिवाय जो स्वतःच परदेशी असल्याचा भास निर्माण करतो, त्याने दुसऱ्याच्या तशाच भासाविरुद्ध न्याय मागावा हे न्यायालयाला रुचले नाही.

या निकालाचे मर्म वाङ्मयीन आहे. खूण उच्चारापासून सुटली, की ती अलंकार होते. आणि शैली सर्वांची असते. संपूर्ण नावाची नोंदणी होते, त्यातल्या टिंबांची नव्हे.

नोंदणीच्या यंत्रणेलाही अशा खुणांशी जुळवून घ्यावे लागले. अमेरिकेत साधे शब्दचिन्ह पूर्वी टंकलिखित मोठ्या अक्षरांत सादर करीत. 2003च्या नोव्हेंबरपासून त्याजागी ‘प्रमाण अक्षरे’ आली. त्या अक्षरसंचात टिंबे आणि स्वराघात यांनाही जागा आहे. संचाबाहेरची खूण असल्यास नाव चित्र म्हणून सादर करावे लागते. शब्द आणि चित्र यांच्यातील सीमा अशी एका तक्त्याने आखली!

आपल्याकडे 2017च्या व्यापारचिन्ह नियमांतील 28वा नियम म्हणतो, की हिंदी वा इंग्रजीहून अन्य लिपीतील शब्दांचे लिप्यंतर आणि भाषांतर द्यावे. हिंदी ही भाषा, लिपी देवनागरी. हा भेद नियमाच्या शब्दांत पुसट होतो. मग मराठी नावातला ‘ळ’ कोणत्या लिपीतला समजावा? मराठी वाचकाला हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटू नये. 1962च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढले, तेव्हा उच्चारात नसलेल्या टिंबांसाठीही आपल्याकडे हळहळ व्यक्त झाली. ‘नांव’ लिहिणाऱ्याला ते टिंब नावाचाच भाग वाटत होते. ते कानाला ऐकू येत नव्हते, पण त्यात शब्दाचा इतिहास साठला होता. हागेन-डाझच्या टिंबांमागे असा इतिहास नव्हता. कायद्याच्या तराजूत मात्र दोहोंचे वजन सारखेच भरेल. तो फरक ओळखण्याचे काम वाचकाकडेच राहते.