टायरवरचे ६ पीआर आणि आपला कापूस

आज पिकाचं नाही, गाडीच्या टायरचं लिहितो. पण कापसाचा विषय त्यात आहेच.

मोटरसायकलच्या मागच्या टायरवर मापाच्या बाजूला बारीक अक्षरात ६ पीआर असं छापलेलं असते, पुढच्यावर बहुधा ४ पीआर. टायर घ्यायला गेलो की आपण कंपनी पाहतो, नक्षी पाहतो, भाव करतो, अन् नेमकं हे अक्षर वाचत नाही. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. प्लाय म्हणजे थर, अन् थर कशाचे, तर सुरुवातीला कापसाच्या कापडाचे. सहा थरांचा टायर चार थरांच्या टायरपेक्षा जास्त ओझं पेलते, एवढा साधा हिशेब होता. आज आत कापूस नाही, थरही मोजून सहा नसतात, पण ताकद अजून त्याच कापसाच्या मापानं सांगतात.

आता जरा मागून सुरुवात करू.

आपल्याकडे टायर यायच्या आधी धाव होती. बंडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चढवायचं काम ज्यांनी पाहिलं ते आता गावात हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरले. पट्टी चाकापेक्षा किंचित लहानच ठेवायची, गोवऱ्यांच्या आरात लालबुंद करायची, म्हणजे ती फुगते. मग सांडशीनं उचलून चाकावर बसवायची अन् लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे, पाटे सगळं एकमेकांत घट्ट आवळलं जाते. उन्हाळ्यात उलटं व्हायचं. लाकूड सुकून आकसायचं, धाव सैल व्हायची, मग चाक पाण्यात बुडवून ठेवायचं. म्हणजे चाकाला काय झालं हे दर हंगामात पाहायची सवय आपल्या आज्या-पणज्यांना होती. मोटरसायकल आली अन् ती सवय गेली, असं मला वाटते.

धावेचा दोष एकच, पण मोठा. ती अरुंद. सगळं ओझं त्या बोटभर पट्टीवर. काळ्या जमिनीत पाऊस पडला की बंडी आरीपर्यंत रुतायची, अन् खडीच्या रस्त्यावर गेली की रस्ताच कापायची. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. पण अचलपूरला, म्हणजे तेव्हाच्या एलिचपूरला, मूर्तिजापूरहून छोटी लाईन आली १९१३ मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं इथला कापूस मोठ्या लाईनपर्यंत नेणारी बंडीच, अन् तिच्याखाली ही धाव. पांदण रस्ते एवढे खोल का गेले, याचं अर्धं उत्तर त्या धावेत आहे.

रबराची गोष्ट तिकडे याच काळात चालू होती. कच्चं रबर उन्हात चिकट होते अन् थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडलं की गंधक घालून तापवलं तर ते टिकते. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण तेव्हा घोडागाडीशिवाय काही नव्हतं, म्हणून ते विसरलं गेलं. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनं पुन्हा तेच पेटंट घेतलं. हा डनलॉप इंजिनिअर नव्हता, जनावरांचा डॉक्टर होता. पोराची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर उधळते म्हणून त्यानं चाकाला हवेची नळी बांधली, वरून कापड अन् रबर. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट निघालं अन् डनलॉपचं रद्द झालं. तरी नाव त्याचंच राहिलं. आपल्याकडे तर रबरी चाकाच्या बंडीलाच लोक डनलॉप म्हणतात.

त्यानं वापरलेलं कापड हाच मुद्दा आहे. हवा ओझं उचलते, पण हवेला धरून कोण ठेवते? रबर नाही, ते तर फुग्यासारखं ताणते. धरून ठेवते कापड. सुरुवातीला साधं किनतान वापरायचे, उभा धागा अन् आडवा धागा विणलेलं. चाक फिरलं की टायर खाली दबते, वर येते, अन् दर फेऱ्याला उभा धागा आडव्या धाग्याला करवतीसारखा घासते. घासलं की तापते, तापलं की तुटते. टायर वरून चांगला दिसायचा अन् आतून मरायचा. मग आडवा धागा जवळजवळ काढून टाकला. नुसते उभे धागे रबरात बुडवून एक थर उजवीकडे तिरपा, दुसरा डावीकडे तिरपा. आपल्या साध्या मोटरसायकलींचे बहुतेक टायर आजही असेच तिरप्या थरांचे आहेत.

असा धागा बनवायला लांब तंतूचा कापूस पाहिजे. इजिप्तचा, नाहीतर अमेरिकेतल्या समुद्रकाठचा. पहिल्या महायुद्धात इजिप्तचा माल अडला अन् अमेरिकेत बोंडं खाणारा सोंडकिडा पसरला (आपली गुलाबी बोंडअळी नव्हे, तो भुंगेरा वेगळा). तेव्हा गुडइयर नावाच्या टायर कंपनीनं ॲरिझोनाच्या वाळवंटात जमिनी घेऊन स्वतःच लांब धाग्याचा कापूस पेरला. तिथं आज गुडइयर नावाचं शहर आहे. टायरवाल्यानं कास्तकारी केली म्हणा ना.

वऱ्हाडचा कापूस त्यात कुठं होता? नव्हता. आपला तेव्हाचा देशी कापूस आखूड तंतूचा. परदेशी बाजारात त्याला 'उमरा' म्हणायचे, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. जाड्याभरड्या सुताला तो चालायचा, टायरच्या धाग्याला नाही. म्हणून मी कोणाला सांगत नाही की जगाचे टायर आपल्या कापसावर धावले. नाही धावले. नंतर रेयॉन आलं, दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं, अन् कापूस टायरमधून निघूनच गेला. पीआर हे दोन अक्षर तेवढे राहिले.

टायर काळा का, हेही याच काळातलं. शुद्ध रबर पिवळट-पांढरं असते अन् लवकर झिजते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घालून पाहिली अन् टायरचं आयुष्य कितीतरी पटीनं वाढलं. उन्हापासूनही ती रबराला वाचवते.

भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालात साहागंजला निघाला. मुंबईत भांडुपला सिएटचा १९५८ मध्ये. रस्त्यावर मग राजदूत आली, दूधवाल्यांची लाडकी. १९७२ मध्ये पुण्याची लुना. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००. १९९४ मध्ये स्प्लेंडर. यातली शेवटची गाडी आपल्या भागात खरी बंडी झाली. माणसं, डीएपी, कुटार, संत्र्याचे क्रेट, दुधाच्या कॅना, सगळं तिच्यावर.

अन् इथं पीआर कामी येते. २.७५-१८ हे एकच माप दोन ताकदीत मिळते. ४ पीआरवर ४२ पी लिहिलेलं असते, ६ पीआरवर ४८ पी. हे आकडे ओझ्याचे. ४२ म्हणजे त्या एका टायरवर जास्तीत जास्त १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग, त्याच्याशी आपल्याला घेणं नाही. आता हिशेब करा. गाडी ११० किलोच्या आसपास, त्यातले साठेक किलो मागच्या चाकावर. तुम्ही ६५ किलोचे, त्यातले चाळीसेक मागं. कॅरिअरवर डीएपीची दोन पोती, १०० किलो. झाले २००. शिवाय पोतं आखाच्या मागं गेलं की बंडी उलार होते तसं गाडीचं पुढचं चाक हलकं होते, अन् तो भारही मागच्यावरच येते. ६ पीआरचाही हा हिशेब नाही. दोनशे रुपये वाचवायला मागं ४ पीआर टाकणारे मी आपल्या गावात पाहिले आहेत. मागं बायको अन् मांडीवर लेकरू घेऊन हेच लोक चिखलदऱ्याचा घाट उतरतात.

झीज कशी वाचायची? मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर सरळ रस्ता अन् ओझं, किंवा हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या अन् मध्ये नक्षी शाबूत, तर हवा कमी. कमी हवा जास्त वाईट, कारण टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, तापते, अन् आतला धागा रबर सोडते. मे महिन्याच्या डांबरावर हे लवकर होते. किती हवा, ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे, एकट्याची वेगळी, डबल सीटची वेगळी. पुढचा टायर खड्डे-खड्डे पडून झिजला तर आधी शॉकअप अन् बेअरिंग दाखवा, टायर नंतर. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे टायर संपला, मग तो कितीही 'चालते अजून' वाटो.

गट्टूचा टायर पांदणीतल्या गाऱ्यात चांगला धरते, पण ओल्या डांबरावर कमी धरते अन् झिजतेही लवकर. ज्याचं वावर पांदणीच्या टोकाला आहे त्यानं मागं गट्टू घ्यावा. रोज परतवाडा-अमरावती करणाऱ्यानं घेऊ नये. पुढं उभ्या रेघांचा टायर जुन्या लोकांनी उगाच नाही टाकला. त्या रेघा गाडीला आडवी सरकू देत नाहीत.

शेवटी तारीख. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मला एका दुकानदारानं चार वर्षांचा टायर 'नवीन माल' म्हणून दाखवला होता, नक्षी कोरी, चकचकीत. तो मी परत केला. रबर पडल्या पडल्याही कडक होते, अन् उन्हात उभ्या गाडीचं तर बारीक चिरा पडून जाते. फवारणीचं तेल, डिझेल टायरवर सांडलं तर लगेच धुवा. टायरसोबत ट्यूबही नवी टाका, बाजूचा बाण चाक फिरते त्या दिशेला आहे का ते बसवतानाच पाहा. अन् पहिले शंभरेक किलोमीटर नव्या टायरवर वळणात जरा दमानं, त्याच्या वरची गुळगुळीत चकाकी घासून जाईपर्यंत.