लॉन बोल्स : बदलती प्रतिमा

हिरवळीवरून घरंगळत जाताना एका अंगाला वळणारा गोळा ‘जॅक’ या लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेण्याचा हा खेळ. ‘निवृत्तांचा विरंगुळा’ ही त्याची जुनी ओळख. ऑस्ट्रेलियात ‘क्रॅकरजॅक’ (२००२) या चित्रपटाने तिला धक्का दिला. त्यातला नायक केवळ गाडी लावायला जागा मिळावी म्हणून क्लबचा सभासद होतो. भारतीयांच्या नजरेत हा खेळ खऱ्या अर्थाने भरला तो बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत. २ ऑगस्ट २०२२ रोजी लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया व रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७–१० असे हरवून या खेळातले देशाचे पहिले पदक, तेही सुवर्ण, जिंकले. वर्तमानपत्रांनी तेव्हा नियमही समजावून सांगितले. वार्तांकनाचा तो सर्वांत मोलाचा भाग होता.