कॅज्युअल्टीतून पुढची वाट

ब्राउन शुगरला आपल्याकडे गर्द म्हणतात. 1980 नंतर तिने मुंबई-पुण्यात घरं पोखरली. 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. उपचाराचं दार उघडलं.

पण ठाणे-कल्याण-डोंबिवलीत बेशुद्ध पडलेला मुलगा आधी पोहोचतो कॅज्युअल्टीत. शुद्ध येते, व्यसनमुक्तीची चिठ्ठी मिळते, आम्ही बायका त्याला घरी आणतो. चिठ्ठी कपाटात राहते.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2015 साली अफू-गर्दसारख्या व्यसनाच्या रुग्णांची तुलना मांडली. नुसती चिठ्ठी मिळालेल्यांपैकी महिन्याभराने 37 टक्के उपचारात होते. कॅज्युअल्टीतच ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सुरू केलेल्यांपैकी 78 टक्के.

म्हणून डिस्चार्जआधीच विचारू या, "डॉक्टर, व्यसनाचा उपचार इथूनच सुरू होईल का? पुढे कुणाकडे, कोणत्या तारखेला जायचं?" 14446 हा मोफत सरकारी क्रमांकही आहे. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. 1989 पासून कायद्यात कलम 64-अ आहे. सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला नशा केल्याच्या खटल्यातून सूट मिळते. उपचार मात्र पुरे करायला हवेत.