इम्प्लांट, औषधे आणि हाडाची साथ

मुंबई-गोवा महामार्गावर पेणच्या पुढे वडखळच्या नाक्यावर अलिबागचा रस्ता फुटतो. इथल्या कुटुंबांचा दवाखानाही असाच तीन रस्त्यांवर विखुरलेला असतो. रक्तदाबाच्या गोळ्या पेणहून, हाडांचे इंजेक्शन अलिबागहून आणि दाताचे इम्प्लांट पनवेल वा नवी मुंबईतून. या सर्वांची एकत्रित यादी मात्र कोणाच्याच हाती नसते. इम्प्लांट टिकेल की नाही, याचा निर्णय काही वेळा त्या यादीत दडलेला असतो.

टायटॅनियम आणि हाड यांच्या मैत्रीचा शोध योगायोगानेच लागला. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क हे १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसविलेले टायटॅनियमचे साधन त्यांना शेवटी काढता येईना, कारण हाड त्याला घट्ट चिकटले होते. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसविले आणि ते २००६ मध्ये लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत टिकले.

इम्प्लांट बसविताच घट्ट वाटते, पण ती पकड केवळ स्क्रूच्या आट्यांची असते. पुढच्या काही आठवड्यांत भोवतालचे दुखावलेले हाड झिजते आणि नवे हाड तयार होऊ लागते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनी पकड सैल झालेली असते, नवी अजून पुरती आलेली नसते. वेदना संपल्याने रुग्ण निर्धास्त होतो, नेमका तोच काळ नाजूक. पारंपरिक पद्धतीत खालच्या जबड्याला सुमारे तीन आणि वरच्या, तुलनेने पोकळ जबड्याला सहा महिने दिले जात, ते यासाठीच.

हाड झिजविणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशींच्या या देवाणघेवाणीत काही औषधे थेट हस्तक्षेप करतात. अस्थिठिसूळतेसाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाची ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा दिले जाणारे झोलेड्रॉनिक आम्ल किंवा सहा महिन्यांनी टोचले जाणारे डेनोसुमॅब ही त्यांत प्रमुख. अशा औषधांनंतर जबड्याचे हाड मृत होण्याचे प्रकार २००३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले जाऊ लागले. अस्थिठिसूळतेच्या रुग्णांत हा धोका अगदी अल्प, हजारात एकाच्या आसपास वा त्याहून कमी असतो. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत ही औषधे घेणाऱ्यांत तो कितीतरी अधिक असल्याने त्यांना इम्प्लांटचा सल्ला सहसा दिला जात नाही. अडचण अशी की, वर्षातून एकदाच टोचलेले इंजेक्शन ‘रोजची औषधे कोणती?’ या प्रश्नाच्या उत्तरात येतच नाही. त्याचा अंश मात्र हाडात वर्षानुवर्षे राहतो.

आपल्याकडे सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी तर औषधात मोजलीच जात नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या आकडेवारीत पॅन्टोप्राझोलच्या जातीची औषधे घेणाऱ्यांत ६.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ३.२ टक्के इम्प्लांट अयशस्वी ठरले. नैराश्यावरील काही औषधांबाबत त्याच गटाने २०१४ मध्ये असाच संबंध दाखविला होता. रक्तदाबाच्या औषधांबाबत मात्र चित्र उलट, म्हणजे अनुकूल दिसले. ही निरीक्षणे आहेत, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. म्हणून कोणतीही गोळी परस्पर बंद करणे हा शुद्ध आततायीपणा ठरेल. डेनोसुमॅब अचानक थांबविल्यास मणक्यांचे अस्थिभंग होऊ शकतात, तर रक्त पातळ करणारी गोळी सोडल्यास प्राणावर बेतू शकते.

अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू यांचे दुष्परिणाम सर्वज्ञात आहेत. मिश्री लावणाऱ्या गृहिणी स्वतःला तंबाखूच्या व्यसनी समजत नाहीत, एवढेच इथे नमूद करावेसे वाटते.

हाड जुळल्यावर प्रश्न उरतो झिजेचा. नैसर्गिक दाताभोवती चावण्याचा दाब जाणवून देणारे तंतू असतात, इम्प्लांटभोवती ते नसतात. त्यामुळे रात्री दात खाणाऱ्याला जास्तीचा भार कळतही नाही. वरचा जोडभाग सैल झाला की धातूवर धातू घासतो आणि सूक्ष्म कण हिरडीत उतरतात. दाह झालेल्या हिरड्यांत असे टायटॅनियमचे कण आढळले आहेत, परंतु ते दाहाचे कारण की परिणाम, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. टायटॅनियमवरील संरक्षक थर आम्लयुक्त आणि तीव्र फ्लोराइडने खराब होतो, मात्र नेहमीच्या टूथपेस्टने घाबरण्याचे कारण नाही. दात साफ करून घेताना आपल्याला इम्प्लांट आहे हे आधी सांगावे, कारण धातूच्या टोकाच्या यंत्राने त्यावर ओरखडे उठतात.

इम्प्लांटच्या वेष्टनावरील कंपनी, माप आणि बॅच क्रमांकाचे लेबल मागून घ्यावे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर जपून ठेवावे. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाल्यास दुसऱ्या कंपनीचा भाग त्यात बसेलच असे नाही. दात हलू लागल्यास घरी गोंद वा चिकटद्रव्य लावू नये. नुसता जोडभाग सैल असेल तर तो पुन्हा घट्ट करता येतो, हाडातला स्क्रूच हलत असेल तर बहुधा तो काढावा लागतो, आणि हा फरक तपासणी व क्ष-किरण चित्रावरूनच समजतो.