वऱ्हाडातील पारधी आणि न केलेल्या चोरीची शिक्षा

चोराचा न्याय करताना त्याने चोरी का केली हे पाहावे की नाही, हा प्रश्न जुना असला, तरी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचा इतिहास पाहता आधी हे विचारावे लागते की हे कारण कोणाचे ऐकले गेले आणि कोणाचे नाही. वाटेत शिधा संपलेल्या प्रवाशाने परक्या शेतातले दोन ऊस आणि दोन मुळे घेतले तर त्याला दंड नाही, असे मनुस्मृती सांगते. मात्र ही सवलत द्विजांपुरती, म्हणजे वरच्या तीन वर्णांपुरतीच आहे.

वऱ्हाडातील पारध्यांपैकी फासेपारधी फासे लावून तितर, लाव्हे आणि हरणे धरत, तर टाकणकार जात्यांना टाकी लावत. दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत झाले की दाणे नीट भरडत नाहीत. तेव्हा टाकणकार छिन्नीने त्यांवर टाके घालून ते पुन्हा खरबरीत करी आणि त्याबद्दल घरोघरी वर्षाकाठी धान्य मिळवी. जंगलांवर सरकारी निर्बंध आले, कापसाखालची जमीन वाढली, पुढे पिठाच्या गिरण्याही आल्या, आणि हे दोन्ही धंदे बसत गेले.

भारतीय दंडसंहितेनुसार चोरीच्या गुन्ह्यात अप्रामाणिक उद्देश सिद्ध व्हावा लागे, आणि साध्या चोरीला कमाल तीन वर्षांची कैद असली तरी किमान शिक्षा ठरलेली नसल्याने भुकेल्या चोराला न्यायाधीश नाममात्र शिक्षा देऊ शकत असे. गुन्हेगार जमाती कायद्याने, म्हणजे अख्ख्या जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याने, हा विवेकच काढून घेतला. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेल्या या कायद्याच्या १९२४ च्या रूपात अशी तरतूद होती, की नोंद झालेला माणूस चोरीच्या बेतात होता अशी न्यायालयाची खात्री पटेल अशा परिस्थितीत नुसता सापडला, तरी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व्हावी. केलेल्या चोरीला आणि न केलेल्या चोरीला कमाल कैद एकच ठरली. हेतू तपासायचा नव्हता, तो जातीवरून गृहीत धरलेला होता. यासारखा उघड अन्याय त्या काळच्या कायद्यांतही विरळाच.

ज्याच्या खळ्यातून ज्वारी गेली त्याचे नुकसान चोराच्या भुकेने भरून येत नाही, ही हरकत रास्त आहे. तिच्यामुळे दोष कायम राहतो; शिक्षा किती आणि कोणती, हे मात्र कारण पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि कारण माणसाचे असते, जमातीचे नसते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीला कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे, पण वस्तू परत करावी किंवा तिची किंमत भरावी, अशी अट आहे. खाऊन टाकलेले धान्य परत करता येत नाही, आणि किंमत भरण्याची ऐपत असती तर ते चोरावे लागले नसते. भुकेपोटी चोरी करणाऱ्यापुरती तरी ही अट काढून टाकली पाहिजे.