आधी स्नान, मग अक्षर

रोम शहरातील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या शैक्षणिक साधनांचा पुढे जगभर बोलबाला झाला. बालगृहाचे नियम मात्र सहसा कोणी वाचीत नाही. मुलाने स्वच्छ अंगाने आणि स्वच्छ कपड्यांत यावे, असा त्यांत एक नियम होता. न धुतलेले मूल आल्यास त्याला काढून टाकण्याची तरतूदही होती. बाई मूळच्या वैद्य. मुलाची उंची महिन्याला आणि वजन आठवड्याला, तेही स्नानापूर्वी उघड्या अंगाने घ्यावे, असे त्यांचे सांगणे होते. या शिस्तीमागे एक गृहीत होते. घरी पाणी आहे, अंगावरचा कपडा धुवायला टाकला तर घालायला दुसरा आहे, आणि मुलाला न्हाऊ घालण्याइतकी आईला सवड आहे!

हिंदुस्थानातील खेड्यात हे गृहीत टिकणारे नव्हते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहवासात ताराबाई मोडक या कामात मुरल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. तरीही ही चळवळ बहुतांशी शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांचीच राहिली. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. आणि तेथे पहिलाच अनुभव असा आला, की दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात जाऊन बसली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला.

रोमचा नियम येथे अगदी उलटा झाला. मळलेले मूल परत पाठवायचे नाही. त्याला न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हाच दिवसाचा पहिला पाठ. यात केवळ नीटनेटकेपणा नव्हता. तीन ते सहा या वयात मूल वर्षाला सुमारे २ किलो वजनाने आणि ६-७ सेंटिमीटर उंचीने वाढते. नखांतल्या मातीबरोबर जंतांची अंडी पोटात गेली, म्हणजे खाल्लेले अंगी लागत नाही, आणि ही वाढ खुंटते. अशा मुलापुढे पाटी ठेवून काय उपयोग?

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तेथे धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी शाळेत येऊ शकत नसे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. मोठ्या मुलीचे शिक्षण तान्ह्याच्या झोळीला बांधलेले असते, ही गोष्ट पुस्तकी पंडितांना सुचली नव्हती. ती पाड्यावर बसल्यावर कळली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज हा शब्द देशभर रूढ आहे. योजनेत पूरक आहार आला, लसीकरण आले, आरोग्यतपासणी आली. आणि माँटेसरीबाईंचा तो वजनकाटाही आला. फरक एवढाच, की येथे वजन कमी भरलेल्या मुलाच्या घरी सेविकेने स्वतः चालत जावे, अशी अपेक्षा असते.