कायद्याचा विद्यार्थी आणि मनाचा कायदा

महाराष्ट्रातील कायद्याच्या शिक्षणाचा इतिहास १८५५ साली मुंबईत सुरू झालेल्या शासकीय विधी महाविद्यालयापासून, आणि पुण्यापुरता १९२४ साली इंडियन लॉ सोसायटीने काढलेल्या महाविद्यालयापासून सांगितला जातो. त्यात प्राचार्य, न्यायाधीश आणि पुढारी ठळकपणे येतात, विद्यार्थ्याचे मनःस्वास्थ्य मात्र जवळजवळ येत नाही. याचे एक कारण त्या शिक्षणाच्या घडणीत आहे. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम अनेक जण दीर्घकाळ नोकरी सांभाळून पुरा करीत असल्याने विद्यार्थी हा कमावता प्रौढ गृहीत धरला जाई आणि त्याच्यावरचा ताण ही त्याच्या घरची बाब ठरे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम रूढ झाल्यावर सतरा-अठरा वर्षांची मुले या वर्गांत आली, तरी ही समजूत लवकर हलली नाही.

इंदापूर तालुक्यात नीरेच्या खोऱ्यात वसलेल्या निरवांगीसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या ताणाला आणखी एक पदर असतो. १८७६-७७च्या दुष्काळानंतरच्या दशकात पुरा झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात बागायत आणली; जमिनीला मोल आले, त्याबरोबर बांधाचे, वाटणीचे आणि पाण्याच्या पाळीचे वादही आले. घरात एक तरी वकील असावा ही इच्छा अशा भागात स्वाभाविकच होती. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा किंवा मुलगी इंग्रजी निकालपत्रांशी झगडत असताना भावकीच्या दाव्याची आशाही वागवत असते, आणि आपल्याला हे झेपत नाही असे घरी सांगणे अभ्यासाहूनही अवघड होऊन बसते.

ज्या कायद्याचा हा विद्यार्थी अभ्यास करी, तो कायदाच मनाच्या दुखण्याकडे बंदोबस्ताचा विषय म्हणून पाहत होता. १८५८चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९१२चा इंडियन लूनसी ॲक्ट यांचा भर रुग्णाला कोणाच्या हुकमाने आत ठेवायचे यावर होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ने तर आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवून त्याला एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेची तरतूद केली होती. अपघातात डोक्याला इजा झाल्यानंतर मानसिक आजार जडलेल्या मुंबईच्या एका पोलीस कॉन्स्टेबलवर याच कलमाखाली खटला झाला, तेव्हा १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. ज्याला उपचार हवेत त्याला शिक्षा कशी द्यायची, हा त्यामागचा माणुसकीचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कलम पुन्हा वैध ठरवले, तरी या निकालाचे नैतिक वजन त्यामुळे कमी झाले असे मानता येत नाही.

पुढचे पाऊल पडले ते पुण्यात, आणि तेही एका विधी महाविद्यालयाच्या आवारात, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. इंडियन लॉ सोसायटीने २००७ साली मानसिक आरोग्यविषयक कायदा आणि धोरण यांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांच्या नेतृत्वाखालील या केंद्राने नव्या कायद्याच्या मसुद्याला हातभार लावला आणि त्यातून २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा घडला. त्याच्या कलम ११५प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते, तिच्यावर खटला चालवता येत नाही आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरते. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्कही याच कायद्याने दिला. गावात बोभाटा होईल या भीतीने डॉक्टरकडे न जाणाऱ्या विद्यार्थ्याला या हक्काचे मोल अधिक.

महाविद्यालयांवर प्रत्यक्ष जबाबदारी आली ती मात्र फार उशिरा. दिल्लीत २०१६ साली हजेरी कमी भरल्याने परीक्षेस मुकलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने जीवन संपवले आणि त्यातून निघालेल्या प्रकरणात कायद्याच्या अभ्यासक्रमातील हजेरीच्या सक्तीचाच फेरविचार न्यायालयापुढे आला. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा घटनेच्या अनुच्छेद २१मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, म्हणजे विद्यार्थ्याचे ऐकून त्याला योग्य मदतीपर्यंत नेणारी व्यक्ती, नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे निर्देश दिले. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना यातील दुसरी तरतूद अधिक जवळची आहे, आणि तोवर २०२२पासून चालू असलेली टेली-मानसची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा निरवांगीतूनही मराठीत उपलब्ध आहे.